मनोऱ्यावरच्या काचा

सुनंदाने पर्स मांडीवर घट्ट धरली होती. पर्समध्ये एक भिंग होतं, छोटी बॅटरी होती आणि कापसात गुंडाळलेल्या तीन काचपट्ट्या होत्या. सहलीला निघालेल्या बाईजवळ या वस्तू कशाला, असं कुणी विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं, आणि ते तिला जमत नसे. म्हणून भुसावळ सुटल्यापासून ती खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेऊन बसली होती.

शेजारी तिची आई, धुरपदाबाई, टक्क जागी होती. बोदवडजवळच्या खेड्यातून ती सहलीसाठी म्हणून आदल्या दिवशी लेकीकडे आली होती. उभ्या आयुष्यात केळीच्या बागा आणि कपाशीची वावरं यापलीकडे ती फिरायला म्हणून कुठे गेली नव्हती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भरलेल्या हिरव्या बांगड्या तिच्या दोन्ही हातांत होत्या. त्यांच्यावर सोनेरी टिकल्या होत्या आणि दर खड्ड्याला त्या किणकिणत होत्या.

"झोपली का वं नंदे?"

"नाही आई. डोळे मिटलेत नुसते."

"मंग डोये उघड ना. पैसे भरले आपुन."

एस.टी. प्रासंगिक करारावर घेतलेली होती. शाळेतल्या शिक्षिका आणि त्यांच्या घरच्या बाया मिळून अठ्ठावीस जणी होत्या. पुढे ड्रायव्हर अभिमनच्या पाठीमागच्या दांड्याला धरून लीलाधर सर उभे होते. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. तरी संक्रांतीनंतरच्या रविवारी सहल न्यायची आणि दिवसभर उभं राहून इतिहास सांगायचा, हा नेम त्यांनी मोडला नव्हता. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं. सुनंदाही त्यांचीच विद्यार्थिनी, आणि आता त्याच शाळेत विज्ञान शिकवणारी. त्यांना कुणी सर म्हणत, कुणी आबा. नुसतं नाव घेऊन हाक मारणारं माणूस भुसावळात उरलं नव्हतं.

"आधी पद्मालय, मग पारोळ्याचा किल्ला," सर सांगत होते, "आणि शेवटी आपला हुकमाचा पत्ता. खेडगव्हाणचे झुलते मनोरे. तिथं काय होतं ते आत्ता सांगणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी तोंड उघडायचं नाही."

मराठीच्या लताबाई मागून ओरडल्या, "सर, तोंड उघडायचं नाही तर भरीत-पुरी खायची कशी?"

बसभर हशा पिकला. सुनंदाही हसली, पण पर्सवरचे हात तिने सैल केले नाहीत.

तिला माहीत होतं. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा या सहलीला आली होती. खेडगव्हाणला नदीकाठी एक पडकी मशीद आहे. छत केव्हाच गेलेलं, समोरची कमान तेवढी उभी, आणि कमानीच्या दोन टोकांना दोन मनोरे, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. आतून अरुंद चक्री जिना. उत्तरेच्या मनोऱ्याच्या माथ्यावर जाऊन दोघातिघांनी कठड्याला खांदा लावून तालात रेटा दिला की मनोरा डुलायला लागतो आणि त्याच्याबरोबर दक्षिणेचाही आपोआप डुलतो. सर उत्तरेच्या मनोऱ्यावर चढत, बायांना दक्षिणेच्या मनोऱ्यावर पाठवत. अंगाखालचा दगड हलायला लागला की बाया किंचाळत आणि मग हसत सुटत. गेली कितीतरी वर्षं सहलीचा शेवट असाच होत आला होता.

त्या वेळी सुनंदा वर गेली नव्हती. कमानीतून एका मनोऱ्याचा कंप दुसऱ्याकडे कसा जात असेल, याचा विचार करत ती खाली दक्षिणेच्या मनोऱ्याला टेकून उभी होती. तेवढ्यात मानेवर काहीतरी पडलं. हात लावून पाहिलं तर चुन्याची भुकटी. वळून पाहिलं तर मनोऱ्याच्या मागच्या अंगाला गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत भेग गेलेली. आत पोस्टकार्ड शिरेल एवढी रुंद. वर बाया हसत होत्या आणि भेगेच्या कडा एकमेकींवर घासत होत्या, दाताखाली खडा यावा तशा.

तिने तेव्हा कुणाला सांगितलं नाही. भेग जुनी असेल, शंभर वर्षांपूर्वीची असेल, आपण उगाच बोलून बसू, अशी तिला धास्ती वाटली. चूक ठरायचं तिला लहानपणापासून भय. आधी खात्री करावी म्हणून तीन आठवड्यांनी, सात फेब्रुवारीच्या रविवारी, ती एकटी एस.टी.ने खेडगव्हाणला गेली. प्रयोगशाळेत वापरतात तसली एक काचपट्टी तिने भेगेवर आडवी ठेवली, दोन्ही टोकं प्लॅस्टर ऑफ पॅरिसने पक्की केली आणि काचेवर काच कापायच्या हिरकणीने तारीख कोरली. भेग केसभर जरी हलली तरी काच तडकणार. काचेला ताणून घेणं माहीत नाही, म्हणून तिची साक्ष खरी.

महिन्याने येऊन बघायचं, असं ठरवून ती परतली होती. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली, आईचा टायफॉईड आला. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्या तळाशी एक वेगळं कारण होतं, आणि ते तिला रात्री दिवा मालवला की दिसे. काच तडकलेली निघाली तर सरांना सांगावं लागेल, याचीच तिला भीती वाटत होती. अकरा महिने तिने ती काच पाहिली नव्हती. आज पाहायची होती, बाया वर चढायच्या आधी.

पद्मालयाला तळ्यात कमळं होती. देवळात एक गणपती डाव्या सोंडेचा, एक उजव्या सोंडेचा. सर त्यांची कथा सांगत होते तेव्हा धुरपदाबाई दोन्हींपुढे हात जोडून इतका वेळ उभी राहिली की लताबाई म्हणाल्या, "मावशी, गणपती काय पळून जातोय का?"

"दोघं हायेत ना बाई. दोघांले सांगा लागते."

काय सांगितलं ते सुनंदाला विचारायची गरज नव्हती. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. जळगावच्या आणि मुंबईच्या डॉक्टरांचे कागद कपाटात पडून होते. ती आणि तिचा नवरा त्या कागदांविषयी आता बोलत नसत. आई मात्र दर देवाजवळ बोले.

पारोळ्याच्या किल्ल्यात बुरुजाच्या सावलीत डबे उघडले. भरताचा वास सुटला. लोक जेवत असताना सुनंदा पुरीचे तुकडे करत राहिली, खाल्लं एकही नाही. मग उठून ती सरांजवळ गेली आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. भेग, काच, तारीख. 

सरांनी शांतपणे ऐकलं. मिशीतल्या मिशीत हसले.

"सुनंदा, तू आठवीत होतीस तेव्हाही अशीच होतीस. फुगा फुगवायचा म्हटलं की सगळ्या वर्गाच्या आधी कानावर हात."

"सर, फुगा नाही हा. भेग खरी आहे."

"भेगा कुणाला नाहीत? माझ्या टाचा बघ." त्यांनी खरोखरच चप्पल काढली. आजूबाजूच्या दोघी फिदीफिदी हसल्या. सुनंदाचा चेहरा पाहून त्यांनी चप्पल पुन्हा घातली आणि आवाज उतरवला. "अगं, चारशे वर्षं उभे आहेत ते. पूर बघितले, भूकंप बघितले. मी एकटा चाळीस वर्षं हलवतोय."

"म्हणूनच म्हणते सर. चारशे वर्षं ते नुसते उभे होते."

सरांनी चपलेत अंगठा नीट बसवला. मग म्हणाले, "बरं. उतरल्याबरोबर तू तुझी काच बघून ये. शाबूत असली तर?"

"तर मी गप्प बसेन."

"आणि तुटलेली असली तर आपण बोलू. पण लवकर ये बाई, अभिमनला अंधार पडायच्या आत निघायचंय."

आपण बोलू, एवढंच ते म्हणाले. हलवणार नाही असं त्यांनी म्हटलं नव्हतं. हे सुनंदाच्या लक्षात बसमध्ये चढल्यावर आलं, आणि मग खेडगव्हाणपर्यंतचा रस्ता सरता सरेना.

साडेचारला बस चिंचांच्या झाडांखाली थांबली. दार उघडताच सुनंदा उतरली आणि जवळजवळ पळतच कमानीखालून दक्षिणेच्या मनोऱ्याच्या मागे गेली. मागून आईची हाक आली, "नंदे, कुठी चालली?" पण ती थांबली नाही.

मागे जाऊन ती जागच्या जागी थिजली.

गेल्या वर्षी तिथं उघडी भिंत होती. आता भेग दिसतच नव्हती. भेगेच्या जागी गुडघ्यापासून डोक्यापर्यंत काचांची एक रांग चमकत होती. बांगड्यांचे तुकडे. हिरवे, लाल, पिवळे, मोरपंखी. भेगेवर आडवे ठेवून चुन्याने लिंपलेले. कुठे दोनदोन, कुठे चारचार, एकमेकांच्या अंगावर. खाली उदबत्तीच्या काड्या, हळदीकुंकू आणि तांदळाचे दाणे. उतरत्या उन्हात ती सगळी भिंत एखाद्या अंगावरच्या दागिन्यासारखी दिसत होती.

एक उतारवयाची बाई बाजूला बसली होती. पुढ्यात बांगड्यांची टोपली आणि भिजवलेल्या चुन्याचं गाडगं. तिने सुनंदाकडे पाहून टोपली पुढे सरकवली.

"लावा ताई. बठ्ठ्या बाया लावतस." सगळ्या बाया लावतात, म्हणजे तिनेही लावावी.

"हे काय आहे? कधीपासून?"

बाईचं नाव बेबाबाई. तिने हौसेने सांगितलं. गेल्या होळीच्या सुमाराला कुणीतरी इथं एक काच लावून गेलं. साधी, पांढरी, लांबट. "तिनावर तारीख बी लिखेल व्हती. कोन्या शिकेल बाईना नवस व्हई." मग गावातल्या एकीने आपली बांगडी फोडून तिच्याखाली लावली. तिच्या मुलीला स्थळ येत नव्हतं. तिची काच तडकली आणि पंधरा दिवसांत सोयरीक जमली. तेव्हापासून बाया येतात. काच लावायची, मनातलं मागायचं. "काच फुटनी म्हनजे नवस पावना," बेबाबाई म्हणाली. काच फुटली की नवस पावला.

 तो शिकलेल्या बाईचा नवस म्हणजे सुनंदाचीच काच होती.

तिने भिंग काढलं, बॅटरी काढली. तिची काचपट्टी तिला छातीच्या उंचीवर सापडली, अर्धी चुन्याखाली गेलेली. तारीख वाचता येत होती. ७-२-८८. दोन आकड्यांच्या मधून काच सरळ दुभंगली होती आणि दोन तुकड्यांत करंगळीचं नख मावेल एवढं अंतर पडलं होतं.

"ही कधी फुटली, आठवतं?"

"ती? पोयाले."

म्हणजे पोळ्यापर्यंत, सहा महिने टिकली होती. सुनंदाने बाजूच्या काचांवर बोट ठेवून एकेक विचारायला सुरुवात केली आणि बेबाबाई एकेक सांगू लागली. तिला प्रत्येकीचा नवस पाठ होता. ही लाल पोळ्याला लावली, दसऱ्यानंतर फुटली, सुनेला मुलगा झाला. ही पिवळी दसऱ्याला लावली, दिवाळी होऊन चार दिवसांनी फुटली, हरवलेली म्हैस सापडली. ही मोरपंखी मार्गशीर्षात लावली, तीन आठवडेही गेले नाहीत. आणि ही, मागच्या रविवारची.

"आते आठ दिनमां फुटस," बेबाबाई अभिमानाने म्हणाली. "जागा जागृत व्हयी गयी ताई."

सुनंदाने एकेका काचेवरून बॅटरी फिरवली. लाल, तडकलेली. पिवळी, तडकलेली. मोरपंखी, तडकलेली. शंभरावर काचा असतील, आणि सुकलेल्या चुन्यातली एकही शाबूत नव्हती. सहा महिने, मग दीड, मग एक, मग तीन आठवडे, मग आठ दिवस. फळ्यावर आलेख काढावा तशी ती रेघ तिच्या डोळ्यांपुढे शून्याकडे उतरत गेली, आणि तिचं पुढचं टोक आजच्या तारखेपासून फार लांब नव्हतं. असली मोजदाद कुठल्या इंजिनियरने ठेवली नसती. बायांनी ती वर्षभर ठेवली होती, दर फुटलेल्या काचेला नारळ फोडून.

"बेबाबाई, आता इथं कुणाला येऊ देऊ नका," ती म्हणाली.  "मनोरा पडायला आलाय."

बेबाबाईने तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तुमना विश्वास नही का? तुमनाच मोटारनी एक माय आत्तेच लाई गयी."

तिने बोट दाखवलं. कमरेच्या उंचीवर ओल्या चुन्यात बसवलेला एक हिरवा तुकडा होता. त्यावर सोनेरी टिकली होती.

सुनंदाचा काचा वाचता वाचता किती वेळ गेला होता कोण जाणे. आई तिच्या मागोमाग आली असणार, ती टाचा उंचावून वरच्या काचांना बॅटरी लावून उभी असताना खाली काच लावून गेली असणार.

"कुठं गेली ती?"

"वर." बेबाबाईने मनोऱ्याकडे हनुवटी उडवली. "त्या मास्तरले सांगी गयी. जोरमां हालावा म्हने, मनी पोरसाठे."

तेवढ्यात सुनंदाच्या तळपायांना ते जाणवलं. आवाज नव्हता, नुसता कंप, दळणाच्या गिरणीसमोर उभं राहिल्यावर पायांना लागतो तसा. मग वरून बायांची पहिली किंचाळी आली आणि तिच्यामागे हसू.

सर उत्तरेच्या मनोऱ्यावर पोहोचले होते.

ती कमानीसमोरच्या मोकळ्या जागेत धावली. उत्तरेच्या माथ्यावर सर आणि अभिमन कठड्याला खांदा लावून तालात रेटत होते. सरांचा चेहरा लाल झाला होता. दक्षिणेच्या माथ्यावर सहासात बाया दाटीवाटीने उभ्या होत्या, लताबाई पदर हलवत होत्या आणि त्यांच्या मधोमध धुरपदाबाई दोन्ही हात जोडून, डोळे मिटून उभी होती. मनोरा हलताना डोळ्यांना दिसत होता. एवढा तो गेल्या वर्षी हलला नव्हता.

"सर!" सुनंदा ओरडली.

तिचा आवाज वर्गातल्या तिसऱ्या बाकापर्यंत पोहोचत नाही, अशी मुलींची नेहमीची तक्रार. खाली उभ्या वीस बाया टाळ्या वाजवत होत्या. वरच्या हसत होत्या.

"सर! थांबा! सर!"

सर तिला बघून हसले. त्यांनी मान डोलावली आणि आणखी जोर लावला. त्यांना वाटलं असेल, हीही रंगात आली. आईने लेकीसाठी मागितलंय, तर म्हाताऱ्याने चार रेटे जास्त दिले म्हणून काय बिघडतं? ते हलवत होते ते तिच्यासाठीच.

मनोऱ्याच्या मागच्या अंगाकडून एक बारीक आवाज आला. टिच्. मग आणखी एक. टिच्, टिच्. काचांवर काचा चढल्या होत्या, तडकलेल्याही पुन्हा तडकत होत्या. मागून बेबाबाईचा हर्षाने भरलेला आवाज आला, "फुटन्यात वं माय! बठ्ठ्या फुटन्यात!"

सुनंदाला आपण काय करतो आहोत ते कळलं नाही. छातीत होता नव्हता तेवढा वारा तिने गोळा केला.

"लीलाधर!" ती ओरडली. "ए लीलाधर! थांब!"

टाळ्या बंद पडल्या. वीस बायांनी वळून तिच्याकडे पाहिलं, जणू तिने सरांच्या थोबाडीत मारली होती. वर सरांचा खांदा कठड्यावरून सुटला. ते तसेच तोंड उघडं ठेवून खाली बघत राहिले. अभिमनही थांबला.

हलणं लगेच थांबलं नाही. मनोरे आपल्या लयीत आणखी सात वेळा डुलले. सुनंदाने ते मोजले. दर वेळी तिला वाटलं, हा शेवटचा, आता परत येणार नाही. सातवा झोका इतका बारीक होता की तो झाला की नाही हे सांगता आलं नसतं.

"कुणी धावायचं नाही," ती वर बघून म्हणाली. सगळे गप्प झाल्यामुळे आता तिचा नेहमीचा आवाजही पुरत होता. "लताबाई, एकेकीला खाली पाठवा. एक बाहेर आली की मी सांगेन, मग दुसरी. पाय आपटू नका. भिंतीला रेलू नका."

"अहो झालं काय?" लताबाईंनी विचारलं. सुनंदाच्या तोंडाकडे पाहून त्यांनी पहिलीला जिन्याकडे वळवलं.

पहिली आली. दुसरी आली. प्रत्येकीला जिन्याचे एक्केचाळीस दगड उतरायला दीड मिनिट लागत होतं, म्हाताऱ्यांना तीन. सुनंदा जिन्याच्या तोंडाशी आत बॅटरी धरून उभी होती. भेग आतूनही दिसत होती. बाहेरचा उजेड तिच्यातून सुतासारखा आत येत होता आणि त्या उजेडात चुन्याची धूळ सावकाश खाली उतरत होती. तिसरी आली, चौथी आली, पाचवी आली. लताबाई आल्या त्या एकही थट्टा न करता बाजूला जाऊन जमिनीवर बसल्या.

धुरपदाबाई येईना.

"आई, ये."

"नाही वं," वरून आवाज आला. "मले पाह्यचं हाये, माही काच फुटली का ते. कोन्ही पाहून सांगा ना."

"मी पाहिली. तू खाली ये, मग सांगते."

"माह्ये गुडघे धरले. येता नाही येऊन राह्यलं."

सुनंदाने भेगेकडे पाहिलं. एका माणसाच्या वजनाऐवजी दोन होतील, आणि तीही पावलापावलाने हलणारी. हिशेब तिने केला आणि तिथेच सोडून दिला. तिने चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी ती वर चढू लागली.

तिसाव्या दगडाशी आई बसलेली सापडली, भिंतीला धरून. हात लागले तिथे धूळ भुरभुरत होती. "भिंत सोड आई. मला धर." आईने तिच्या खांद्यावर हात टाकले. दोघी बसूनच उतरू लागल्या, एक दगड, मग दुसरा, लहान मूल जिना उतरतं तशा. आईच्या बांगड्या सुनंदाच्या कानाशी किणकिणत होत्या आणि प्रत्येक किणकिण भिंतीतून आल्यासारखी वाटून तिचं अंग शहारत होतं. विसाव्या दगडाशी पलीकडून पुन्हा टिच् झालं. तिने डोळे मिटले. काही झालं नाही. तिने डोळे उघडले. तिसऱ्या दगडाशी उजेड आला आणि बाहेरून कुणीतरी हात पुढे केले. सरांचे हात होते.

 आईला चिंचेखालच्या ओट्यावर बसवून सुनंदा सरांबरोबर मनोऱ्याच्या मागे गेली. भिंग तिने त्यांच्या हातात दिलं आणि एकेका काचेची तारीख सांगितली, पोळा, दसरा, दिवाळी, मार्गशीर्ष, मागचा रविवार. सरांनी सगळं पाहिलं. भेगेत त्यांनी हात घालून पाहिला. चार बोटं आत गेली.

"मी बोललो होतो, आपण बोलू म्हणून," ते म्हणाले. "मग तुझी आई म्हणाली, सात वर्षं झाली. मी म्हटलं, हलवू जरा."

"मीच अकरा महिने गप्प बसले, सर."

सरांनी भिंग तिच्या हातात परत ठेवलं. "आई गेल्यापासून मला एकेरी हाक कुणी मारली नव्हती," ते म्हणाले. सुनंदाने मान खाली घातली. "चुकलं तुझं असं नाही म्हणत मी. तेवढ्यानेच थांबलो."

कमरेच्या उंचीवरचा हिरवा तुकडा ओल्या चुन्यात घसरून तिरपा झाला होता. त्याला साधा ओरखडाही नव्हता.

प्रश्न बेबाबाईचा उरला. आज एका दमात एवढ्या काचा फुटल्याची बातमी संध्याकाळपर्यंत चार गावांत जाणार होती, आणि उद्या सकाळी बाया रांग लावणार होत्या. सुनंदाने पुन्हा समजावलं. बेबाबाईने गाडगं उचलून कडेवर घेतलं.

"मी नही लावाव. पन त्या बाया मानतीन का?"

"मला मानतील," सर म्हणाले. ते जाऊन दक्षिणेच्या मनोऱ्याच्या दारापासून वीस पावलांवर, जिथून येणारी वाट दिसते तिथं, एका पडक्या दगडावर बसले. "अभिमन, तू बाया घेऊन नीघ. सुनंदा, उद्या तहसील कचेरी उघडायच्या आधी दारात उभी राहा. अर्ज तू लिही. तारखा सगळ्या घाल. कचेरीचं माणूस येईपर्यंत मी इथून हलत नाही."

"थंडी पडेल, सर."

"बेबाबाई घोंगडी देईल. नाही दिली तर चाळीस वर्षांचा इतिहास आहे, तो पांघरीन."

कुणी हसलं नाही. बस सुटली. सुनंदा मागच्या काचेतून बघत राहिली. सूर्य नदीपलीकडे टेकला होता. दोन्ही मनोरे सरळ उभे होते, शंकाही येऊ नये इतके सरळ, आणि त्यांच्या पायथ्याशी एक पांढरा सदरा. चिंचांआड जाईपर्यंत तिने नजर काढली नाही. आड गेल्यावरही तिचे कान मागेच राहिले.

 एरंडोल मागे पडल्यावर धुरपदाबाईने विचारलं, "माही काच नाही फुटली ना?"

"नाही आई."

"मंग?"

 सुनंदाने आईचं मनगट हातात घेतलं. बस खड्ड्यात गेली, बांगड्या वाजल्या आणि ती दचकली. पुढच्या खड्ड्याला पुन्हा दचकली. तिसऱ्या वेळी आईने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग ती बांगड्या उतरवायला लागली. थुंकी लावून, हात आवळून, एकेक काढून लुगड्याच्या पदरात ठेवत गेली. सवाष्ण बाईचा हात मोकळा असू नये म्हणून दोन्ही हातांत तिने एकेकच बांगडी ठेवली. एकट्या बांगडीला वाजायला दुसरी नव्हती.